कॅमशाफ्टची वीस मिनिटं

१२ जून, सोमवार

इंजिनाचा ब्लॉक घरी आला! चेटच्या वर्कशॉपमध्ये एप्रिलच्या अखेरीपासून पडून होता. सिलिंडर घासून नवे केलेत, आत तिरप्या बारीक रेघांची जाळी — हवी तशी. शेजारच्या अर्लने आत बोट फिरवलं, उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाला, "चेटला अजून दिसतं म्हणायचं." चेट आमच्याहून चांगला दहा-बारा वर्षांनी लहान आहे.

ट्रकमधून उतरवायला समोरच्या गसला बोलवावं लागलं. आला, पण हातापेक्षा तोंड जास्त चालतं त्याचं. गस जन्माचा फोर्डवाला. "पॉन्टियॅक जागची हलवायला फोर्डवाला लागतो, हे कुठेतरी लिहून ठेव, वांडा."

ठेवलं लिहून.

ब्लॉक आता गॅरेजमध्ये स्टँडवर आहे, अंगावर जुनी चादर. शेजारी माझी पॉन्टियॅक जीटीओ, पोटात इंजिन नाही, बॉनेट वर. दातांच्या डॉक्टरकडे आ करून बसल्यासारखी दिसते. धूर ओकायला लागली म्हणून किती वर्षं उभी होती बिचारी. शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी लागली तेव्हा पहिल्या कमाईतून घेतलेली. "आमच्या वांडाने लग्न नाही केलं, गाडी केली," असं आई चर्चमध्ये सगळ्यांना सांगायची.

१५ जून, गुरुवार

क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा, बसवला. या इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला दोरीचं सील असतं. तेल बाहेर येऊ नये म्हणून चक्क दोरी! तेलात भिजवायची, खाचेत दाबून दाबून बसवायची, मग टोकं नेमकी कापायची. मी पुस्तकं वाचून शिकलेली बाई. पुस्तकात याबद्दल एक वाक्य आहे. अर्लने त्या एका वाक्याला अख्खी दुपार लावली.

मी म्हटलं, "अर्ल, दोरी आहे ती. बाळाची नाळ नाही."

"गळायला लागलं की डाग तुझ्या अंगणात पडेल. माझ्या नाही."

"मग तुला कसली एवढी काळजी?"

"कुंपणावरून मलाच बघायला लागतं ना रोज."

संध्याकाळी पिएरोगी उकडली, आमच्या पोलिश घरातली करंजी. बटाट्याची. अर्ल त्यावर तिखट सॉस ओततो, केंटकीची माणसं ती. माझी आई असती तर ताट काढून घेतलं असतं.

१८ जून, रविवार

आज बापांचा दिवस. अर्लच्या मुलीचा फोन. रॉन्डा तिकडे ॲरिझोनात असते, एप्रिलपासून त्याला तिकडेच राहायला बोलावते आहे. अर्लला नीट ऐकू येत नाही म्हणून तो फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवून बोलतो, सगळ्या गल्लीला कळतं.

"बाबा, खोली रंगवून तयार आहे. खिडकीतून डोंगर दिसतो."

"डोंगर मी लहानपणीच बघून घेतलेत."

"बाबा, मार्चमध्ये काय झालं आठवतंय ना?"

मार्चमध्ये अर्लने शेगडीवर घेवडा शिजत ठेवला आणि माझ्याकडे कार्ब्युरेटर बघायला आला. आगीचा बंब आला तेव्हा आम्हाला कळलं. घर वाचलं, पातेलं गेलं. सत्याहत्तर वर्षांचा माणूस, एकटा राहतो. मुलगी काळजी करणारच. मला तिचा राग येत नाही. यायला पाहिजे होता, म्हणजे सोपं झालं असतं.

शेवटी अर्ल म्हणाला, "हे बघ, वांडाचं इंजिन सुरू झालं की येतो. दिला शब्द."

"वांडा मावशी, ऐकलंत ना? तुम्ही साक्षीदार."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

नंतर त्याने केलेला मक्याचा पाव खाल्ला. अर्धा ताटातच राहिला. कोरडा होता म्हणावं तर लोणी चांगलं बोटभर लावलं होतं.

२७ जून, मंगळवार

अर्लला डोळे तपासायला नेलं. चष्मा ठीक आहे म्हणाली डॉक्टर. येताना चौकात मला म्हणाला, "उजवीकडे घे." घर डावीकडे. याच चौकातून तो पन्नास वर्षं येतो-जातो. मी डावीकडे वळले.

थोड्या वेळाने म्हणाला, "सॉसेज घ्यायचं होतं."

सॉसेजचं दुकान उजवीकडे आहे, हेही खरं.

४ जुलै, मंगळवार

दोन पिस्टन आत. बाहेर फटाके. गसचा कुत्रा आमच्या गॅरेजमध्ये, जीटीओच्या खाली.

११ जुलै, मंगळवार

आठही पिस्टन बसले! पाना लावून क्रँक फिरवला. रिंगांचा तो ओला, दबका आवाज, आणि सगळे आठ जण आपापल्या पाळीने वर-खाली. आत कुणीतरी झोपेत कूस बदलल्यासारखं वाटलं. मी फिरवतच राहिले. अर्ल डबा उलटा करून त्यावर बसला होता, डोळे मिटून, मान हलवत.

"झोपलास?"

"ऐकतोय. फिरव तू."

गस दारातून, "हातानेच फिरवत नेणार का वुडवर्डवर?"

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्डवर जुन्या गाड्यांची मिरवणूक असते. दर वर्षी मी फूटपाथवर घडीची खुर्ची टाकून बसते आणि दुसऱ्यांच्या गाड्यांना हात करते. यंदा आपण रस्त्यावर असू, लोक खुर्चीत असतील. या चालीने गेलं तर जमतं.

या चालीने गेलं तर अर्लही सप्टेंबरला जातो. एक मन म्हणतं आटप लवकर, दुसरं म्हणतं कुठे आग लागली आहे.

मी त्याला काही बोलत नाही. आमच्यात तसली बोलणी होत नाहीत. आम्ही इंजिनाच्या टायमिंगबद्दल बोलतो.

२२ जुलै, शनिवार

बोल्ट मोजून आवळायचा टॉर्क पाना दोन दिवस सापडत नव्हता. अर्ल म्हणे माझ्याकडे नाही. अर्लच्याच फ्रिजवर होता.

२९ जुलै, शनिवार

आज कॅमशाफ्ट. हे अर्लचं खास काम. इंजिनाच्या कारखान्यात त्याने उमर घालवली ती कॅमशाफ्ट बसवण्यात. बाकी इंजिनाबद्दल मी त्याच्याशी हुज्जत घालते, इथे हात मागे.

लांब दांडा, त्यावर सोळा उंचवटे. एकेक उंचवटा फिरून वर आला की एकेका टॅपेटला ढकलतो आणि त्याचा व्हॉल्व्ह उघडतो. एवढंच. पण सगळं इंजिन या एवढ्यावर श्वास घेतं. अर्लने प्रत्येक उंचवट्याला काळं मलम चोळलं, लहान पोराच्या छातीला चोळावं तसं. मग दांडा आत सरकवला — कुठेही न टेकवता, न खरवडता. हात जराही थरथरला नाही. कॉफीचा कप धरताना थरथरतो.

आणि मग प्रवचन. मला आता पाठ आहे.

"पहिल्यांदा सुरू केलं की वीस मिनिटं रेस मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या खाली येऊ द्यायची नाही. नवा कॅम आणि नवे टॅपेट अजून एकमेकांना ओळखत नाहीत. रेस वर असली की तेल उडतं, दोघांवर पडतं, ओळख होते. स्लोवर आणलंस की तेल पोचत नाही, कोरडे घासतात. मग गेला कॅम."

"आणि घराला आग लागली तर?"

"विझवायची. रेस सोडायची नाही."

"आणि मला हार्ट ॲटॅक आला तर?"

तो विचारात पडला. "कितव्या मिनिटाला?"

५ ऑगस्ट, शनिवार

लिहायला बसले आहे, पण हात चालत नाही. क्रमाने लिहिते.

आमच्या गल्लीत कुणाचं इंजिन पहिल्यांदा सुरू होणार म्हणजे बारसंच असतं. सकाळपासून लोक घडीच्या खुर्च्या घेऊन हजर. थंड बिअरचे डबे. गसने आग विझवायचं नळकांडं आणलं आणि पहिल्या रांगेत बसला. "पॉन्टियॅक आहे, तयारीत असलेलं बरं."

इंजिन गुरुवारीच गाडीत चढवलं होतं. आज आधी ड्रिल लावून तेलाचा पंप फिरवला, सगळीकडे तेल पोचवलं. अर्ल कार्ब्युरेटरपाशी, हाताने रेस धरायला. मी काट्यांवर लक्ष ठेवून. किल्ली फिरवली. एकदा खाकरलं. दुसऱ्यांदा — लागलं! काय आवाज. छातीत वाजत होता. नव्या रंगाचा जळका वास, धूर, लोकांच्या टाळ्या. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. धुरामुळे, असं मी म्हणेन.

पाच मिनिटं. सात. तेलाचा दाब झकास. आणि मग गस नेहमीप्रमाणे ओरडला, "ए अर्ल, स्लोवर आण की जरा! ऐकू दे आम्हाला!"

हे दर वेळी होतं. या इंजिनांचा जीव त्यांच्या स्लोमध्ये असतो. लंगडत, दम खात चालल्यासारखी ती धडधड ऐकायलाच तर लोक जमतात. दर वेळी सगळे मागतात आणि दर वेळी रेस धरणारा माणूस त्यांना शिव्या घालतो. रिवाजच आहे तो. आजवर कुणी हात सोडलेला मी पाहिला नाही.

अर्लने हात सोडला.

इंजिन खाली आलं. ढग्-ढग्... ढग्... ढग्-ढग्. सबंध गाडी डुलायला लागली. लोक उभे राहून शिट्ट्या मारायला लागले. मी ओरडले, "अर्ल! वर घे! वर!" त्याने कानामागे हात नेला आणि हसला. मी पुन्हा ओरडले. तो मान डोलावत होता, गाणं ऐकावं तसा. मी गाडीला वळसा घालून गेले आणि त्याला बाजूला करून रेस वर ओढली. किती वेळ गेला असेल? दोन मिनिटं, तीन. उरलेला वेळ मीच धरून उभी राहिले, बोटं भाजेपर्यंत.

लोक गेल्यावर विचारलं, "हे काय केलंस?"

"काय केलं?"

"स्लोवर आणलंस."

"लोकांना ऐकायचं होतं," म्हणाला. चेहरा कोरा. "छान वाजत होतं, नाही?"

६ ऑगस्ट, रविवार

इंजिनात टिक टिक टिक. डाव्या बाजूला.

चर्चला गेले नाही.

८ ऑगस्ट, मंगळवार

तेलाचा फिल्टर कापून उघडला. कागदाच्या घड्यांमध्ये लोखंडाच्या चुऱ्याची चकाकी. नाताळच्या कार्डावर लावतात तशी. मग झाकण काढलं आणि क्रँक फिरवून पाहिलं. व्हॉल्व्ह दाबणारे सगळे रॉकर वर येतात, एकच अर्ध्यात दमतो. एक उंचवटा झिजून सपाट झालाय.

अर्ल वाकून बघत होता. "गेला," म्हणाला. बस गेली म्हणावं तसं. "आता सगळं उतरवायला लागणार. अगदी तळापर्यंत. चुरा बेअरिंगपर्यंत पोचला असणार."

आणि शीळ घालत पाने काढायला लागला.

खोटं कशाला लिहू? क्षणभर मला बरंच वाटलं. चला, जाणं लांबलं. मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली. जो माणूस वीस मिनिटांचं प्रवचन झोपेत म्हणेल, तो ते विसरला. मला एक कॅमशाफ्ट गेल्याचं दुःख होत नाहीये.

१० ऑगस्ट, गुरुवार

गल्लीत सांगितलं की मीच अर्लला खूण केली, स्लोवर आण म्हणून. गस टोपी काढून उभा राहिला. "तू? बाई, तू?" मग घरी जाऊन बायकोने केलेला केक घेऊन आला. म्हणे, मी ओरडलो नसतो तर झालं नसतं. आता तोही झुरतोय.

अर्लला म्हटलं, नवा कॅमशाफ्ट मागवते.

"कशाला घाई? हल्ली मिळत नाहीत. महिनेच्या महिने लागतात."

"चेटला विचारते."

"चेटला नको. मी बघतो."

"कधी?"

"बघतो म्हटलं ना." एवढ्यावर चिडला. कधी चिडत नाही. हेही लक्षण असतं म्हणतात.

१३ ऑगस्ट, रविवार

रॉन्डाला फोन केला.

तीन दिवस टाळलं. फोन उचलायचा, ठेवायचा. तो माझा मित्र आहे म्हणून गप्प बसायचं, की तो माझा मित्र आहे म्हणून बोलायचं? मूग गिळून बसले आणि पुढच्या खेपेला पातेल्याबरोबर घरही गेलं, तर? माझ्या सोबतीसाठी त्याला इथे ठेवायचा मला काय हक्क?

तर सांगितलं सगळं.

"मावशी, मला कॅमशाफ्ट म्हणजे काय तेही माहीत नाही. पण बाबा ते विसरले?"

"विसरला, पोरी."

"माझ्या लग्नात ते पाहुण्यांना त्याचबद्दल सांगत होते." आणि रडायला लागली.

शनिवारी येते आहे. घर बंद करून त्याला घेऊन जाणार. आधी सांगू नका म्हणाली, नाहीतर बसायचे हट्ट धरून. मी बरं म्हटलं.

खिडकीतून अर्ल दिसत होता. माझ्या टोमॅटोंना पाणी घालत होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

१५ ऑगस्ट, मंगळवार

अर्ल गॅरेजमध्ये बोल्ट पुसून मापाप्रमाणे मांडत बसला होता. मी मुद्दाम एक चुकीच्या रांगेत सरकवला. न बघता उचलला आणि जागेवर ठेवला. "परीक्षा घेतेस?" म्हणाला.

हे आठवतं आणि ते आठवत नाही? डोकं कसं चालतं कोण जाणे. माझ्याकडे त्याचं पुस्तक नाही.

मग बेत सांगत बसला. हेडही पुन्हा उतरवू. व्हॉल्व्ह हाताने घासू, सावकाश. नाताळपर्यंत ब्लॉक धुऊन होईल. गॅरेजमध्ये दुसरा हीटर लावू, गुडघ्याशी ठेवायला. "वुडवर्डला पुढच्या वर्षी जाऊ. वुडवर्ड काय पळून जातंय?"

मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिले.

१७ ऑगस्ट, गुरुवार

अर्लला न सांगता चेटकडे गेले. म्हटलं तो गेल्यावर इंजिन मलाच उभं करायचं आहे, कॅमशाफ्ट तरी मागवून ठेवावा.

चेट बघतच राहिला. "आणखी कशाला? मेमध्ये अर्ल दोन नेऊन बसलाय. टॅपेटसकट."

"दोन कशाला?"

"मीपण तेच म्हटलं. तर म्हणाला, पहिला जाणार आहे. मी म्हटलं, अरे, तू बसवणार आणि कॅम जाईल कसा? तर म्हणतो, जाईल बघ, आपल्याकडचा हिवाळा मोठा असतो."

गाडीत येऊन बसले. हसले की रडले, सांगता येत नाही. मग तिथूनच रॉन्डाला फोन लावला. म्हटलं, "तुझ्या बापाचं डोकं शाबूत आहे. नको तितकं शाबूत आहे. शनिवारी ये, जेवायला ये. न्यायला येऊ नकोस."

"पण त्यांनी शब्द दिला होता, मावशी. इंजिन सुरू झालं की —"

"सुरू कुठे झालंय अजून," मी म्हटलं.